पहिली परदेशवारी, दोन शाळकरी मुलं: सिंगापूरच्या तयारीच्या नोंदी

१४ सप्टेंबर

ठरलं. मे महिन्यात चौघांनी सिंगापूरला जायचं. थोरली अकराची, धाकटा आठचा, आणि आमच्यापैकी कुणीच आजवर देशाबाहेर गेलेलं नाही. आजपासून या नोंदी ठेवते आहे. आमच्यासारखंच कुणी पहिल्यांदा मुलांना घेऊन निघालं, तर निदान त्यांचे हेलपाटे वाचतील.

जागा ठरवण्यातच दोन आठवडे गेले. मला जपान हवं होतं, नवऱ्याला युरोप. शेवटी आम्ही प्रश्नच बदलला. कुठे जायला आवडेल हे बाजूला ठेवलं आणि पहिल्याच खेपेला मुलांचं काही बिनसलं तर कुठे निभावून नेता येईल, हे पाहिलं. सिंगापुरात नळाचं पाणी पिता येतं, इंग्रजीवर सगळं भागतं, एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, शहरभर फिरता येतं. आणि एकाच हॉटेलात मुक्काम ठेवून सगळं पाहून होतं. रोज सामान बांधा आणि सोडा हे करावं लागत नाही, ही लहान मुलं बरोबर असताना फार मोठी गोष्ट आहे.

महिना निवडताना शाळेची सुट्टी पाहिलीच, पण तिथलीही सुट्टी पाहिली. सिंगापूरच्या शाळांना मे संपता संपता मोठी सुट्टी लागते आणि ती जवळपास जूनअखेरपर्यंत चालते. तेव्हा सगळीकडे तिथलीच मुलं असणार. ऊन आणि पाऊस तिथे बारमाही. विषुववृत्ताच्या इतकं जवळ असल्यावर दुसरं काय होणार? त्यातल्या त्यात जास्त पाऊस नोव्हेंबर ते जानेवारीत. म्हणून मेचा पहिला पंधरवडा धरला.

२८ सप्टेंबर

पहिली ठेच पासपोर्टची. चार वर्षांपूर्वी एक सहल ठरता ठरता राहिली होती, तेव्हा चौघांचे पासपोर्ट एकदमच काढले होते. त्यामुळे "पासपोर्ट आहेत" असं आम्ही गृहीत धरून बसलो होतो. आज कपाटातून काढून पाहिले. आमच्या दोघांच्या पासपोर्टची मुदत दहा वर्षांची, मुलांच्या पासपोर्टची पाचच वर्षांची. दोघांचेही १८ ऑगस्टला संपतात.

प्रवास मे महिन्यात, मुदत ऑगस्टपर्यंत, मग काय अडचण, असं नवऱ्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं. पण सिंगापुरात शिरताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. मेच्या सुरुवातीला पोहोचायचं तर ती नोव्हेंबरपर्यंत हवी. म्हणजे दोन्ही मुलांचे पासपोर्ट नव्याने काढायचे. शिवाय धाकट्याच्या जुन्या फोटोत तीन वर्षांचं गोबरं बाळ आहे. तो फोटो पाहून त्याला ओळखणार तरी कोण!

२६ ऑक्टोबर

महिना गेला, तरी एकच पासपोर्ट हातात आहे. थोरलीचा सुरळीत झाला. धाकट्याचा अर्ज दोनदा अडला. एकदा फोटोमुळे: कानामागे भिंतीवर सावली पडली होती आणि मान किंचित कलली होती. आठ वर्षांच्या मुलाला सरळ, न हसता, तोंड मिटून बसवणं सोपं नसतं. मी घाईत घरीच फोन धरून काढला होता, ती चूक माझी. दुसऱ्यांदा नावामुळे: त्याच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त आहे. इतकी वर्षं ते कुणाच्या नजरेस आलं नव्हतं. दाखला दुरुस्त करून आणायचा, मग पुन्हा वेळ घ्यायची. एकूण २३ दिवस वाया.

यावरून एक करा. अर्ज भरायच्या आधी जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आईवडिलांचे पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एकाने अक्षर अक्षर वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून ताडायचं. एकट्याने वाचलं की डोळा आपल्याला माहीत असलेलंच नाव वाचतो, कागदावरचं वाचत नाही.

९ नोव्हेंबर

धाकट्याचा पासपोर्ट आला. आज विमानाची तिकिटं.

गेले महिनाभर मी रोज रात्री दर पाहत होते: दोन मोठे, दोन मुलं. आज पैसे भरायला बसले आणि जन्मतारखा टाकल्याबरोबर रक्कम वर गेली. आधी वाटलं दर वाढले असतील. पुन्हा सुरुवातीपासून भरलं, पुन्हा तेच. अर्ध्या तासाने उलगडा झाला. विमानात लहान मुलांचं तिकीट दोन ते अकरा वर्षांपर्यंत. थोरली आज अकराची आहे, पण २१ मार्चला बाराची होते, आणि वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचं. म्हणजे तिचं तिकीट मोठ्यांचं. महिनाभर मी चुकीची रक्कम धरून खर्च मांडत होते.

स्वस्तातलं एक तिकीट हातचं सोडलं, त्याचं मात्र वाईट वाटत नाही. त्यात मध्यरात्री सात तास दुसऱ्या विमानतळावर काढायचे होते. शिवाय दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी होती. पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नाही. मोठे दोघंच असतो तर घेतलं असतं.

१० नोव्हेंबर

काल रात्री साडेअकराला तिकीट काढलं, आज सकाळी नीट वाचलं. धाकट्याचं नाव आणि आडनाव उलटसुलट रकान्यांत गेलं आहे. कंपनीच्या फोनवर तीन वेळा प्रयत्न केला. दोनदा थांबवून ठेवून फोन आपोआप कटला, तिसऱ्यांदा बदल झाला. पैसे लागले नाहीत, पण कामाचा अर्धा दिवस गेला. पासपोर्टावर नाव जसं आणि ज्या रकान्यात छापलंय तसंच तिकिटावर लागतं, आणि दमलेल्या डोळ्यांनी ते भरू नये. यापुढे पैसे भरायची कामं सकाळीच करणार.

२३ नोव्हेंबर

हॉटेल. इथे दोन गोष्टी कळल्या, दोन्ही आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं.

एक म्हणजे खोलीत माणसं किती. शोधताना मी "दोन मोठे" एवढंच टाकत होते, मुलं काय, कुठेही मावतात या हिशोबाने. पण बऱ्याच खोल्यांत दोन मोठे आणि एकच मूल चालतं. चौथ्या माणसासाठी एक तर मोठी खोली घ्या, नाही तर दोन. मुलांची वयं टाकून पुन्हा शोधल्यावर माझ्या यादीतली निम्मी हॉटेलं गळाली. वय लपवून बुकिंग करायचा सल्ला आम्हाला एकाने दिला होता. तो आम्ही घेतला नाही. रात्रभराच्या प्रवासानंतर पेंगुळलेली मुलं घेऊन काउंटरवर वाद घालायची माझी तयारी नाही.

दुसरी गोष्ट दरापुढची दोन अधिक चिन्हं. खोली रात्रीला २३० डॉलर, पुढे "++" असं छापलेलं. (या नोंदींत डॉलर म्हणजे सगळीकडे सिंगापूर डॉलर.) एका अधिकचा अर्थ १० टक्के सेवा आकार, दुसऱ्याचा ९ टक्के जीएसटी. हा जीएसटी सेवा आकार धरून झालेल्या रकमेवर बसतो. पाच रात्रींचे ११५० डॉलर मी वहीत मांडले होते. सेवा आकाराने ते १२६५ झाले आणि जीएसटीने १३७८.८५. म्हणजे २२९ डॉलर माझ्या हिशोबात नव्हतेच. तीच दोन चिन्हं तिथल्या बऱ्याच उपाहारगृहांच्या दरपत्रकावरही असतात. म्हणून खाण्याच्या अंदाजातही लगेच पाचवा हिस्सा वाढवला. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखाली खाण्याचे बरेच स्टॉल असतात तिथे, हा सेवा आकार लागत नाही. तिथे ताट आपणच उचलून ठेवायचं, न ठेवणाऱ्यावर कारवाई होते, एवढं मुलांना सांगून ठेवायचं.

७ ते १२ मे, पाच रात्री. रद्द केलं तर पैसे परत मिळतील अशीच खोली घेतली. थोडी महाग पडली.

१८ जानेवारी

मधल्या काळात विशेष काही नाही. शाळेने परीक्षेचं वेळापत्रक दिलं, आमच्या तारखांना धक्का नाही.

आज मात्र सगळ्यांत मोठी चूक सापडली, आणि ती मला नाही, थोरलीला सापडली. ती तपकिरी कागदाची लांब पट्टी जमिनीवर पसरून सहलीचा तक्ता करत होती. एका दिवसाला एक चौकोन. चौकोनाचा खालचा अर्धा भाग पेन्सिलीने काळा केलेला, म्हणजे रात्र. माझ्याकडून तिकीट मागून घेतलं आणि पट्टीवर विमान काढू लागली. थोड्या वेळाने हाक आली.

"आई, विमान सहा तारखेला शून्य वाजून पस्तीस मिनिटांनी आहे. म्हणजे आपण पाचलाच रात्री घरातून निघायचं ना?"

"सहाच्या रात्री गं. सातला पोहोचतो आपण."

"नाही आई. सहा तारीख इथे, मध्यरात्रीला सुरू होते. हे बघ." तिने पाच आणि सहाच्या चौकोनांमधल्या रेघेवर बोट ठेवलं. "मग सहाला सकाळी आपण तिथे. आणि ही काळी रात्र आहे ना, सहाची, तेव्हा झोपायचं कुठे?"

मी तिच्याशेजारी खाली बसले आणि तिकीट पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं. अडीच महिने आम्ही दोघं "सहाच्या रात्रीचं विमान" म्हणत होतो. आम्ही सहाच्या रात्री विमानतळावर गेलो असतो, तर विमान आदल्या रात्रीच निघून गेलेलं असतं. हॉटेल मी सातपासून घेतलं होतं, नवऱ्याने कामावरची रजाही सातपासून टाकली होती. सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

सहाच्या रात्रीसाठी त्याच हॉटेलात विचारलं. आमच्या प्रकारची खोली शिल्लक नव्हती, मोठी होती २९० डॉलरची. अधिक चिन्हं धरून जवळपास ३४८. वेळेत लक्षात आलं असतं तर २७६ लागले असते. म्हणजे ७२ डॉलर जास्त, आणि दुसऱ्या दिवशी खोली बदलायची कटकट. तरी स्वस्तातच सुटलो.

मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर तारीख बोलू नका. "पाच तारखेला जेवून घरातून निघायचं" असं बोला.

१ फेब्रुवारी

दिवसांचा पहिला आराखडा. मंडाई नावाच्या भागातली चार उद्यानं (सिंगापूर झू, नाइट सफारी, रिव्हर वंडर्स, बर्ड पॅरडाइज), युनिव्हर्सल स्टुडिओज, सेंटोसाचे किनारे, गार्डन्स बाय द बे, बोटॅनिक गार्डन्स. सहा दिवसांत सगळं बसवलं. कागदावर सुंदर दिसत होतं.

नवऱ्याने शहराचा नकाशा उघडला आणि आराखड्यातलं एकेक ठिकाण खुणावलं. मंडाई उत्तरेला, सेंटोसा पार दक्षिणेला. मी एकाच दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं ठेवलं होतं. ठिकाणांची यादी आधी केली आणि नकाशा नंतर पाहिला, म्हणून हे झालं.

२२ फेब्रुवारी

आज सराव केला. सगळ्या तयारीत हे मला सर्वांत उपयोगाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आराखड्यातला एक दिवस घेतला आणि घरच्या घरी तसाच जगून पाहिला. सकाळी आठला बाहेर, प्रत्येकाच्या पाठीवर आपापली पिशवी, पाण्याची बाटली, रेनकोट. बस, चालणं, बाग, पुन्हा बस, पुन्हा चालणं. दुपारी घरी यायचं नाही. फोनवर पावलं मोजत होतो.

सात हजार पावलांना धाकटा पदपथाच्या कडेला बसला. रडला नाही, हट्ट केला नाही. नुसता बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. सोडायचा, बांधायचा. वेळ दुपारी अडीच. माझ्या आराखड्यात त्या वेळी अजून दोन ठिकाणं बाकी होती. थोरली साडेनऊ हजारांपर्यंत आली, पण शेवटचा तासभर एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने मोजे काढले तर टाचेला फोड आला होता. बूट गेल्या आठवड्यातच घेतलेले. म्हणजे नवे बूट निदान महिनाभर आधी घालून रुळवायला हवेत, हेही आजच कळलं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आपल्याला सहलीला न्यायचंय की यांची परेड काढायचीय?" मी आराखडा फाडला.

८ मार्च

नवा आराखडा, वेगळ्या रीतीने. प्रत्येक मुलाने एकच ठिकाण सांगायचं, ते काहीही झालं तरी होणार. उरलेलं जमलं तर.

धाकट्याने नाइट सफारी मागितली. १९९४ पासून हे प्राणिसंग्रहालय रात्रीच चालतं. थोरलीने गार्डन्स बाय द बेमधलं क्लाउड फॉरेस्ट मागितलं. काचेच्या घुमटाखाली डोंगर आणि ३५ मीटरचा धबधबा हे तिने कुठेतरी वाचलंय. त्यावरून दोघांचं भांडण झालं. धाकट्याच्या मते विमानतळाला लागून असलेल्या ज्युएलमधला धबधबा मोठा, कारण तो ४० मीटरचा. दोघांचेही आकडे बरोबर आहेत. दोन्ही पाहायचे असं ठरलं.

नियम केला तो असा: दिवसाला एकच मोठं ठिकाण, दुपारी दोन ते साडेचार हॉटेल. नाइट सफारीच्या दिवशी सकाळ पूर्ण मोकळी. दुपारी उशिरा रिव्हर वंडर्स, तिथून शेजारच्याच नाइट सफारीत. मंडाईची एक फेरीही वाचली. पहिल्या दिवशी, रात्रीच्या प्रवासानंतर, फक्त संध्याकाळी गार्डन्स बाय द बेमधले सुपरट्री, म्हणजे झाडांच्या आकाराचे उंच मनोरे, पाहायला जायचं. बाहेरची बाग फुकट आहे, दिव्यांचा खेळही फुकट, पावणेआठला आणि पावणेनऊला. मुलं पेंगली तर उठून परत येता येतं, तिकीट वाया जात नाही. बोटॅनिक गार्डन्सही त्याच कारणासाठी ठेवली. १८५९ सालची बाग, २०१५ पासून जागतिक वारशाच्या यादीत, आणि ऑर्किडचा भाग सोडला तर प्रवेशाला पैसे नाहीत. १० मेचा चौकोन अख्खा रिकामा.

युनिव्हर्सल स्टुडिओज काढून टाकलं. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, धाकटा काही ठिकाणी बाहेरच उभा राहिला असता. एवढे पैसे भरून एकाने बसायचं आणि दुसऱ्याने पाहायचं, हे मला पटेना. थोरली दोन दिवस नाराज होती, तिची नाराजी रास्त होती. तिला तसं सांगितलं.

२९ मार्च

थोरली बाराची झाली. गंमत म्हणजे विमानात ती आता मोठी, पण मंडाईत आणि गार्डन्स बाय द बेमध्ये मुलांचं तिकीट तीन ते बारा वर्षांपर्यंत आहे, म्हणजे तिथे ती अजून लहान. मी विमानावरून धडा घेऊन तिची सगळीकडे मोठ्यांची तिकिटं धरली होती. बरं झालं, काढली नव्हती. वयाची अट प्रत्येक ठिकाणी नव्याने वाचायची.

प्रवास विमा आज घेतला, आणि उशीर केला. तिकिटं नोव्हेंबरात काढली तेव्हाच घ्यायला हवा होता. सहल रद्द करावी लागली तर भरपाई, हे कलम विमा घेतल्या क्षणापासून लागू होतं. मधले साडेचार महिने आम्ही ते फुकट घालवले. फेब्रुवारीत धाकट्याला आठ दिवस ताप होता, तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

कार्डांवर परदेशातले व्यवहार बंद होते, ते सुरू करून घेतले. पैसे देताना यंत्राने "तुमच्या चलनात घेऊ का" असं विचारलं तर नाही म्हणायचं, सिंगापूर डॉलरच निवडायचे. आपल्या चलनाचा दर ते त्यांच्या सोयीने लावतात.

९ एप्रिल

व्हिसा. आमच्या पासपोर्टला लागतो, अनेक देशांच्या पासपोर्टला लागत नाही. आपलं आपण पाहावं. प्रवासाआधीच्या तीस दिवसांत अर्ज करायचा असतो, म्हणून एप्रिल उजाडेपर्यंत थांबलो.

ऑक्टोबरातले पासपोर्टचे फोटो मुद्दाम जपून ठेवले होते. उपयोग झाला नाही. फोटो गेल्या तीन महिन्यांतला लागतो. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. पुन्हा चौघांचे काढले. या वेळी धाकटा न सांगता ताठ बसला. (नंतरची भर: सहा दिवसांनी चारही व्हिसा आले.)

१९ एप्रिल

तिथल्या प्रवासाचं पाहिलं. एमआरटीत बँकेचं कार्ड दारावर टेकवून जाता येतं, पण एका माणसाला एक कार्ड. एकाच कार्डावर चौघं जात नाहीत. आमच्याकडे तशी दोनच कार्डं. मुलांसाठी तिथे पोहोचल्यावर प्रवासाची कार्डं घ्यायची. धाकट्याला सवलत असेल असं वाटलं होतं, पण लहान मुलांची सवलत सात वर्षांच्या आतल्यांना. तो आठचा, पूर्ण भाडं. गाडीत खाणं-पिणं नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत जातो. आमचा मुलगा दर दहा मिनिटांनी बाटली तोंडाला लावतो, त्यामुळे हे आत्तापासून सांगत राहायला हवं.

टॅक्सीचा नियम मला योगायोगाने कळला. १.३५ मीटरपेक्षा बुटक्या मुलाला मोटारीत त्याच्या मापाचं आसन लागतं. टॅक्सीला यातून सूट आहे. अॅपवरून येणाऱ्या खासगी गाडीला नाही. धाकट्याला दाराच्या चौकटीला उभा करून डोक्यावर पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने खूण केली: १२४ सेंटिमीटर. म्हणजे अॅपवरून मागवताना टॅक्सीच निवडायची, नाही तर मुलांच्या आसनाची गाडी. कुणी सांगितलं नसतं तर पहिल्याच पहाटे, सामानासकट, ड्रायव्हरने नाही म्हटलं असतं.

२६ एप्रिल

बॅगा. पॉवर बँक केबिनच्या पिशवीतच, खाली टाकायच्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची. आमची २०,००० एमएएचची, ३.७ व्होल्टने गुणली की ७४ वॉट-अवर, म्हणजे चालते. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात, दोन अडॅप्टर घेतले. सनस्क्रीनची बाटली २०० मिलिलिटरची, ती खालच्या बॅगेत गेली. वर १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, मग ती अर्धी रिकामी का असेना.

धाकट्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात च्युइंगगमची दोन पाकिटं सापडली. सिंगापुरात १९९२ पासून बंदी आहे. काढून घेतली, कारण सांगितलं, त्याने ऐकलं. औषधांत खोकल्याचं एक कोडीनवालं औषध होतं, तेही काढलं. अशी औषधं आणि झोपेच्या गोळ्या न्यायच्या तर एचएसए या तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची आधी परवानगी लागते. बाकीची मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

४ मे

सिंगापूरला पोहोचण्याआधी प्रत्येकाचं, मुलांचंही, एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत. आम्ही ६ तारखेला पोहोचणार, म्हणजे ४ पासून. काल रात्रीच भरून टाकू म्हणून नवरा बसला, आणि शोधून जे पहिलं पान आलं त्यावर भरत गेला. दोघांचं भरून, पैसे देऊन झाल्यावर मला दाखवलं. मी विचारलं, "पैसे कसले?" हे कार्ड फुकट असतं. ते पान सरकारी नव्हतंच, मधल्या दलालाचं होतं. पैसे गेले ते गेलेच. त्याहून वाईट म्हणजे दोन पासपोर्टांची माहिती भलत्याच्या हातात गेली.

आज सकाळी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या मूळ संकेतस्थळावर चौघांचं भरलं. वीस मिनिटं लागली, पैसे शून्य. पान पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

५ मे

जेवून घरातून निघालो. थोरलीची पट्टी दुमडून माझ्या पर्समध्ये. चार पासपोर्ट, चार व्हिसा, चार कार्डं, छापील प्रती नवऱ्याच्या पिशवीत वेगळ्या.

१७ मे

परत येऊन चार दिवस झाले. आराखड्यापुरतं लिहिते.

दुपारची विश्रांती पाळली, म्हणून नाइट सफारीत धाकटा पावणेअकरापर्यंत जागा होता. ट्राममध्ये तो माझा हात घट्ट धरून बसला होता आणि अंधारात प्राणी दिसला की हात दाबायचा, बोलायचा नाही. क्लाउड फॉरेस्टच्या दिवशी बाहेर विजांचा पाऊस सुरू झाला, सुपरट्रींमधला उंच पूल बंद झाला. घुमटाखाली होतो म्हणून आमचं बिघडलं नाही. बर्ड पॅरडाइज मात्र पावसाने अर्धं राहिलं. १० तारखेच्या रिकाम्या चौकोनात ते पुन्हा करता आलं असतं, पण मुलांना हॉटेलच्या तलावातून बाहेर यायचं नव्हतं. आम्ही आग्रह केला नाही.

खर्च अंदाजापेक्षा ११ टक्के वर गेला. बहुतेक टॅक्सीत: रात्री झोपाळू मुलाला घेऊन एमआरटी बदलणं जमत नाही, हे मी मांडलं नव्हतं. निघायच्या दिवशी विमान उशिरा रात्री आणि खोली दुपारी बाराला सोडायची. बॅगा हॉटेलातच ठेवल्या, संध्याकाळी त्या घेऊन ज्युएलमध्ये गेलो. तिथे दोघांनी धबधबा बराच वेळ पाहिला. कोणता उंच ते विचारायचं दोघंही विसरले.

नवऱ्याचा फोन जुना, त्यात ई-सिम (कार्डाशिवायचं सिम) चालत नाही, हे तिथे पोहोचल्यावर कळलं. निघायच्या आधी पाहायचं राहिलंच. बँकेचे संदेश त्याच्याच फोनवर येतात, म्हणून पहिल्या दिवशी दोनदा पैसे अडकले.

मुलांच्या नव्या पासपोर्टांची मुदत पुन्हा पाच वर्षांचीच. संपायच्या सहा महिने आधीची तारीख काढून ती थोरलीच्या पट्टीच्या मागे लिहिली आणि पट्टी पासपोर्टांबरोबर कपाटात ठेवली.